पत्र्याचा कूलर उन्हाळ्याआधी घरीच तयार करा: ताटी, पंप, अर्थिंग, खिडकी सगळं सविस्तर

होळी झाली की आपल्या विदर्भात घरोघरचे कूलर सपरीतून बाहेर निघतात, पण बहुतेक लोक ते काम तापायला लागल्यावरच काढतात, आणि तोपर्यंत मेकॅनिक फोन उचलत नाही, तालुक्याच्या दुकानातले चांगले पंप संपलेले असतात, ताटीचा, म्हणजे पाण्याने भिजवायच्या गवत भरलेल्या जाळीचा, भाव चढलेला असतो, मग कसंबसं गवत कोंबून कूलर खिडकीत ढकलायचा आणि पूर्ण मे महिना "यंदा हवा थंडच लागून नाही राहिली" म्हणत काढायचा. हे सगळं काम मार्चमध्ये एका सुट्टीच्या दिवशी घरीच होते. मोटरचं वायंडिंग जळलं असेल तर ते सोडून द्या, ते मेकॅनिकचं काम आहे, बाकी सगळं पान्हा, पेचकस, ब्रश आणि थोडा धीर एवढ्यात भागते.

हा लेख मुख्यतः आपल्या नेहमीच्या चौकोनी जी.आय. म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याच्या डेझर्ट कूलरसाठी आहे, तीन बाजूंनी ताट्या, समोर पंखा, खाली टाकी. प्लास्टिक बॉडीच्या कूलरलाही यातलं बरंचसं लागू पडते.

आधी हे समजून घ्या, नाहीतर बाकीचं उपयोगाचं नाही

कूलर हवा थंड करत नाही, पाणी वाळवतो. पाणी वाळताना हवेतली उष्णता ओढून घेते आणि म्हणून हवा थंड होते, माठातलं पाणी गार होते तेच हे काम, फक्त इथे मागून पंखा आहे. एक लिटर पाणी वाळलं की साधारण ०.६८ युनिट एवढी उष्णता हवेतून जाते. मोठा पत्र्याचा कूलर भर दुपारी तासाला दहा लिटर पाणी सहज पितो, म्हणजे पावणेसात युनिटची उष्णता तासाभरात गेली, आणि मोटर आणि पंप मिळून वीज लागली कितीशी, दीडशे-दोनशे वॅट. पाच-सहा तास चालला की एक युनिट. एवढ्या कमी विजेत एवढा गारवा देणारं दुसरं मशीन गावात मिळणार नाही, म्हणून या डब्याची नीट काळजी घ्या असं मी सगळ्यांना सांगत असतो.

आता हिशोब पाहा. बाहेर ४४ डिग्री आहे आणि हवेत ओलावा १५ टक्के, म्हणजे आपला मे महिन्यातला नेहमीचा दिवस. अशा हवेत ताटी चांगली, सगळीकडे भिजलेली असली तर आत येणारी हवा २७-२८ डिग्रीपर्यंत उतरते. तीच ताटी अर्धी कोरडी राहिली तर हवा ३५-३६ च्या आसपास येते आणि माणूस म्हणते कूलर बिघडला. जुलैत बाहेर ३२ डिग्री आणि ओलावा ८० टक्के असला तर कितीही भारी कूलर असू द्या, हवा २९ च्या खाली जाऊच शकत नाही. म्हणून कोकणात कूलर चालत नाही आणि चंद्रपूर, वर्धा, अकोल्यात चालते.

यातून तीन गोष्टी निघतात. ताटीचा कोपरान् कोपरा ओला पाहिजे. मागून कोरडी, बाहेरची हवा मिळाली पाहिजे. आणि आत आलेली ओली हवा घराबाहेर जायला वाट पाहिजे. कूलरच्या बहुतेक तक्रारी या तीनमधल्याच एखाद्या असतात, मोटर बिचारी ठणठणीत असते.

बर्फाचं पण इथेच सांगून देतो. पोट्टे हट्ट करतात म्हणून टाकीत बर्फाची लादी टाकणारी घरं पाहिली आहेत. एक किलो बर्फ वितळून जेवढी उष्णता घेतो त्याच्या सातपट उष्णता एक लिटर पाणी वाळून घेते. बर्फाचे पैसे वाचवा आणि त्यातून चांगली ताटी घ्या.

बाहेर काढला की पहिलं काम

प्लग काढलेला आहे ना ते पाहा, मग तिन्ही ताट्या काढून बाजूला ठेवा. आत उंदराचं बीळ, पालीची अंडी, कधी विंचू पण निघतो, हात घालायच्या आधी काडीने हलवून पाहा. वायरी उंदराने कुरतडल्या का ते डोळ्याने नीट तपासा, पंपाची वायर आणि मोटरकडे जाणारी वायर दोन्ही. कुरतडलेली वायर टेपने गुंडाळून चालवू नका, पूर्ण बदला, ती वायर पाण्याच्या डब्यात राहणार आहे.

मग मोटर आणि स्विचच्या भागावर प्लास्टिक बांधा आणि बाकी डबा पाण्याने धुऊन काढा. टाकीत मागच्या वर्षीचा पांढरा थर असेल, तो ब्रश आणि लाकडाच्या पट्टीने खरवडा. जाड थर निघत नसेल तर कोमट पाण्यात निंबूसत्व टाकून तासभर राहू द्या आणि मग घासा. संडास साफ करायचं ॲसिड पत्र्याच्या टाकीत अजिबात टाकू नका, ते थर तर काढते पण पत्र्यावरचं जस्तही काढते, आणि जस्त गेलं की दोन उन्हाळ्यांत टाकीला भोकं पडतात.

टाकी कोरडी झाली की गंज पाहा. गंजलेल्या जागी काचपेपर मारा, रेड ऑक्साइडचा हात द्या, ते वाळलं की आतून डांबराचा काळा पेंट लावा. कोपऱ्यात आणि जोडावर दोन हात. बारीक भोक असलं तर आधी एम-सील दाबून भरा, पण जागा कोरडी आणि खरवडलेली पाहिजे, ओल्या गंजावर एम-सील बसत नाही. पेंट वाळायला पूर्ण एक दिवस द्या, घाई केली तर पाण्याला वास येतो आणि तोच वास रात्रभर खोलीत फिरते.

ताटी

इथे पैसे वाचवू नका. वूडवूलची म्हणजे लाकडाच्या कुरळ्या गवताची ताटी दरवर्षी बदलायची असते. वरून बरी दिसली तरी तिच्यात वर्षभराची धूळ आणि क्षार बसलेला असतो, गवत दबून खाली गेलेलं असते, आणि वरच्या चार बोटांत रिकामी जागा झालेली असते. त्या रिकाम्या जागेतून गरम हवा सरळ आत येते कारण हवेला सगळ्यात सोपी वाट तीच असते. बाकीची ताटी कितीही ओली असू द्या.

तयार ताटी घेतली तर उन्हाकडे धरून पाहा. उजेड सगळीकडे सारखा झिरपला पाहिजे, कुठे मोकळं भोक दिसू नये आणि कुठे एकदम काळोखही नको. सुटं गवत आणून घरी भरत असाल तर ते आधी हाताने मोकळं करा, जाळीवर सारखं पसरा, कोपऱ्यात आणि वरच्या कडेला थोडं जास्त द्या कारण भिजलं की ते खाली बसणारच आहे, आणि मग वरून जाळी लावून तार आवळा. ठासून भरलं की जास्त थंड होईल असं वाटते, पण तसं होत नाही, हवाच ओढली जात नाही आणि मोटरवर लोड येतो. नवी ताटी लावली की पहिलं पाणी तासभर फिरवून फेकून द्या, त्यात लाकडाचा पिवळा रंग आणि वास उतरतो.

खसची म्हणजे वाळ्याची ताटी महाग पडते पण सुगंध खरंच वेगळा, आणि नीट वाळवून ठेवली तर एकापेक्षा जास्त उन्हाळे जाते. माझं मत विचाराल तर तिन्ही बाजूंना वूडवूल लावा आणि हौस असेल तर वाळ्याची एक जुडी आतून बांधा, वासाचं काम तेवढ्यात होते.

हनीकोम्ब, म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारखी दिसणारी कागदी पॅडं, ती हवा चांगली थंड करतात आणि गोड पाण्यावर तीन-चार वर्षं टिकतात. पण तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल, आणि अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात असाल तर नक्कीच, त्या पॅडच्या भोकांमध्ये क्षार बसून ते दगडासारखं होते. एवढं महाग पॅड एका उन्हाळ्यात घालवण्यापेक्षा दरवर्षीचं गवत परवडते.

पंप आणि वरची पन्हाळी

पंप पाण्यात बुडवायच्या आधी त्याची खालची जाळी आणि झाकण काढा. आतला छोटा पंखा बोटाने फिरवून पाहा, मोकळा फिरला पाहिजे. केस, गवत, क्षार अडकलेला असतो, तो काढा, निंबूसत्वाच्या पाण्यात नुसता पंपाचा तो भाग बुडवून घासा. पंप घुरघुरतो पण पाणी चढवत नाही तर दहातली आठ वेळा हेच असते, पंप जळालेला नसतो.

नवा पंप घ्यायचा असेल तर आयएसआय मार्क पाहून घ्या आणि वायर पंपापासून बाहेरच्या स्विचपर्यंत अखंड पोचेल एवढी लांब घ्या. टाकीच्या आत वायरचा जोड नको म्हणजे नको. टेप, त्यावर प्लास्टिक, त्यावर रबर, काहीही लावा, ओल जाते आत. पंप कोरडा चालला तर जळतो, म्हणून टाकीत बाहेरून दिसेल अशी पाण्याची खूण करून ठेवा. जमलं तर टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा बॉल कॉक लावून घ्या, टाकीला नळी जोडली की रात्री उठून बादल्या ओतायचा त्रास वाचतो.

आता पन्हाळी. वर पत्र्याची जी नाली असते, जिच्या भोकांतून पाणी ताटीवर उतरते, ती भोकं क्षाराने बुजलेली असतात. सायकलच्या स्पोकने एकेक भोक मोकळं करा. मग कूलर जिथे कायम ठेवणार तिथेच सपाट बसवून नुसता पंप चालवा, पंखा बंद, ताट्यांवर हात फिरवत पाहा पाणी सगळीकडे येते का. एका बाजूला धो धो आणि दुसऱ्या बाजूला कोरडं असेल तर डबा तिरपा आहे, पायाखाली फरशीचा तुकडा द्या. सगळीकडेच कमी येत असेल तर पाइप कुठेतरी मुडपला आहे किंवा पंप लहान पडतो. दहा मिनिटांनी परत पाहा, तरीही कोरडे पट्टे दिसले तर तिथलं गवत हाताने मोकळं करा. ही दहा मिनिटं अजिबात चुकवू नका, वर सांगितलेला २८ आणि ३५ चा फरक इथेच ठरते.

मोटर

पंखा हाताने फिरवा. सहज फिरून दोन-चार फेऱ्या घेऊन थांबला तर छान. जड फिरत असेल तर मोटरचा दांडा फिरतो त्या बुशमध्ये शिलाई मशीनचं तेल दोन-चार थेंब टाका, पंखा फिरवत फिरवत मुरू द्या. खोबरेल किंवा गोडं तेल नको, ते धूळ धरून चिकट होते आणि बुश आवळून धरते. बेअरिंगची मोटर असेल आणि खरखर आवाज येत असेल तर तेलाने तो जात नाही, बेअरिंग बदलावी लागते.

चालू केल्यावर मोटर नुसती हूं करते, फिरत नाही, पण काडीने ढकललं की फिरायला लागते, तर मोटरला सुरुवातीचा जोर देणारा कंडेन्सर (कपॅसिटर) गेला असं समजा. जुन्यावर जेवढे मायक्रोफॅरड लिहिलेले तेवढ्याचाच नवा आणा, जास्तीचा लावून पंखा जोरात फिरत नाही, मोटर तापते. काढताना प्लग काढलेला असावा आणि कंडेन्सरच्या दोन टोकांना हात लावू नका, बंद केल्यावरही त्यात करंट राहतो.

संध्याकाळी गावात व्होल्टेज पडते तेव्हा मोटर हळू फिरते आणि तापते. हात लावता येत नाही एवढी बॉडी तापत असेल तर तेवढा वेळ बंद ठेवलेली बरी. इन्व्हर्टरवर चालवायचा तर १५० एएचच्या बॅटरीवर दोनशे वॅटचा कूलर साधारण पाच-सहा तास निघतो, बॅटरी जुनी असेल तर कमी. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोटर घुरघुरते आणि गरम होते, साइन वेव्ह असेल तरच रात्रभर चालवा.

पाणी भरायच्या आधी अर्थिंग

हा भाग दोनदा वाचा, घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. विदर्भात असा उन्हाळा जात नाही की कूलरचा शॉक लागून कोणी गेल्याची बातमी येत नाही. त्यात लहान लेकरं असतात, पाणी भरायला गेलेल्या बाया असतात. महावितरण दरवर्षी आवाहन काढते, आपण वाचतो आणि विसरतो.

होते असं की पंपाचं सील जाते किंवा वायर सोलली जाते, करंट पाण्यात येतो, पाण्यातून पत्र्यात येतो, आणि कूलर तरीही छान चालत राहतो. कोणाला काही कळत नाही. मग खाली सांडलेल्या पाण्यात अनवाणी उभं राहून कोणी डब्याला हात लावते आणि सगळा करंट त्या माणसातून जमिनीत जातो. "आमच्या घरी एमसीबी आहे" असं लोक म्हणतात. एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, ती वायर वाचवायला असते. सहा अँपिअरची एमसीबी ६००० मिलीअँपिअरच्या पुढे गेल्यावर पडते, आणि माणूस मरायला त्यातले पन्नास-शंभर मिलीअँपिअर पुरे होतात. एमसीबीला तेवढं कळतच नाही.

म्हणून दोन गोष्टी लागतात. एक, चालू असलेलं अर्थिंग, म्हणजे पत्र्यात आलेला करंट वायरने सरळ जमिनीत नेणारी वाट. दोन, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, जिला आपल्याकडे ईएलसीबी पण म्हणतात. करंट वाट चुकून जमिनीत जायला लागला की ती सेकंदाच्या बारीकशा भागात लाइन तोडते. पूर्ण घराला बसवली तर उत्तमच, पैसे कमी असतील तर निदान कूलरच्या बोर्डाला बसवा. तिच्यावर टेस्टचं बटण असते, महिन्यातून एकदा दाबा, खटकन पडली पाहिजे, नाही पडली तर वायरमनला बोलवा.

अर्थिंगमध्ये आपल्या गावाकडे मोठी फसगत असते. बोर्डाला तीन भोकं असतात पण वरच्या मोठ्या भोकाला मागून वायरच जोडलेली नसते. किंवा वायर आहे पण खड्ड्यापर्यंत पोचत नाही. वायरमनकडून फेज आणि अर्थच्या मधे शंभर वॅटचा बल्ब लावून पाहून घ्या, फेज आणि न्यूट्रलवर पेटतो तेवढाच लख्ख पेटला पाहिजे, मिणमिणला तर अर्थिंग कमजोर आहे. (आरसीसीबी असेल तर या तपासणीत ती पडेल, ते बरोबरच आहे.) ही तपासणी स्वतः करू नका, जिवंत लाइनीचं काम आहे.

आणि काळ्या मातीचं लक्षात ठेवा. एप्रिल-मेमध्ये आपली जमीन भेगाळते, खड्ड्यातली माती कोरडी होऊन पाइपापासून सुटते, पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग नेमकं कूलरच्या दिवसांत कामातून जाते. अर्थिंगच्या खड्ड्यात आठ-पंधरा दिवसांनी दोन-तीन बादल्या पाणी ओतत राहा. भांडी विसळलेलं पाणीही चालते.

कूलरकडे येणारी वायर तीन कोअरची घ्या, किमान १ स्क्वेअर एमएम, आणि प्लग तीन पिनचा. हिरवी वायर कूलरच्या पत्र्याला नट-बोल्टने आवळा, पण त्या जागेचा पेंट आधी खरवडून पत्रा चकचकीत करा, पेंटवर आवळलेली अर्थ वायर म्हणजे न लावल्यासारखीच. दोन कोअरची वायर बोर्डात आगपेटीच्या काड्या खुपसून लावलेली अजूनही दिसते, ज्या घरी दिसेल तिथल्या दादाला किंवा काकूंना तिथल्या तिथे सांगा, वाईट वाटलं तरी चालेल.

डबा लाकडी किंवा लोखंडी स्टँडवर रबराचे तुकडे देऊन ठेवा, खाली पाणी साचू देऊ नका. पाणी भरताना, ताटी हलवताना, पंप साफ करताना आधी स्विच बंद आणि मग प्लगही बाहेर, दोन्ही. पायात चप्पल. लेकरं खेळतात त्या बाजूला डबा असेल तर समोर लाकडी फळी किंवा बारदाना बांधून आड करा. सुरुवातीला आणि मधूनमधून कूलर चालू असताना टेस्टर पत्र्याला लावून पाहा, अगदी मंद जरी पेटला तरी अर्थिंग चालू नाही असा अर्थ घ्या आणि कूलर बंद करा.

कुठे बसवायचा आणि हवा कुठून जाऊ द्यायची

एवढं सगळं करून बरेच लोक कूलर खोलीच्या आत ठेवतात आणि दार-खिडक्या लावून घेतात, "गारवा बाहेर जाईल" म्हणून. पहिली पंधरा मिनिटं छान वाटते. मग तीच ओली हवा परत कूलर ओढतो, पाणी वाळेनासं होते, अंग चिकट होते, चादरी दमट लागतात. एसीचा नियम कूलरला लावला की असं होते.

कूलरचा डबा खिडकीच्या बाहेर पाहिजे, नुसतं तोंड आत. तिन्ही ताट्यांना किमान एक-दीड फूट मोकळी जागा. भिंतीला चिकटलेली ताटी नसल्यातच जमा. उत्तर किंवा पूर्व बाजू मिळाली तर सोनंच, पण पश्चिमेचीच खिडकी असेल तर वरून तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा मांडव करा, हिरवी नेट बांधली तरी चालते, फक्त ती ताटीला चिकटू देऊ नका. सावली केली की टाकी, पत्रा आणि मोटर तापत नाहीत आणि पाण्याचीही बचत होते. गोठ्याच्या बाजूला तोंड असेल तर वास घरात येणार, तिथे नका ठेवू.

आता बाहेर जायची वाट. कूलरच्या समोरच्या भिंतीची खिडकी किंवा दार उघडं ठेवा, साधारण कूलरच्या तोंडाएवढी जागा तरी मोकळी पाहिजे. तपासायचं सोपं आहे, त्या उघड्या जागी अगरबत्ती धरा, धूर ठामपणे बाहेर गेला पाहिजे. घुटमळत राहिला तर आणखी उघडा, आणि सोसाट्याने जाऊन कूलरची हवा अंगाला लागतच नसेल तर थोडं लोटा. जुन्या कवेलूच्या घरात कूलर एवढा छान का चालायचा, कारण हवा कवेलूच्या फटीतून आपोआप वर निघून जायची. स्लॅबचं घर बांधलं, खिडक्यांना काचा बसवल्या, आणि ती वाट बंद झाली.

ही वाट हुशारीने वापरता पण येते. बाहेर जायची खिडकी त्याच खोलीत न उघडता मधलं दार उघडून आतल्या खोलीची खिडकी उघडा, हवा तिथपर्यंत ओढली जाते आणि एका कूलरवर दोन खोल्या निघतात, म्हातारे बाबा-आजी आतल्या खोलीत झोपत असतील तर त्यांनाही गारवा मिळतो. सीलिंग फॅन हळू चालू ठेवला तर टीनाच्या छताची गरम हवा खाली ओढली जाते, म्हणून टीन असेल तर फॅन बंद ठेवून पाहा आणि छताजवळची जाळी किंवा झरोका उघडा. स्लॅब असेल तर फॅन चालतो.

कूलर किती मोठा लागते ते पण पाहून घ्या. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा आणि अर्धं करा, तेवढी सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. १२ बाय १० ची, १० फूट उंच खोली म्हणजे १२०० चं अर्धं ६०० सीएफएम, घनमीटरमध्ये तासाला हजाराच्या आसपास. म्हणजे एका खोलीला भला मोठा जम्बो कूलर लागत नाही, आणि घेतलाच तर खिडकीही तेवढीच मोठी उघडावी लागेल.

रोजचं चालवणं

आधी पंप, दहा मिनिटांनी पंखा. कोरड्या ताटीतून पंखा चालवला की धूळ आणि गरम हवा घरात येते. बंद करताना उलटं, आधी पंप, मग पंधरा-वीस मिनिटं नुसता पंखा, ताटी बरीचशी वाळते आणि कुबट वास धरत नाही. पहाटे चारनंतर हवा तशीही उतरलेली असते, पंप बंद करून पंखाच राहू द्या, सकाळी अंग जड होत नाही. दम्याचा त्रास असलेलं माणूस घरात असेल तर हवा सरळ तोंडावर नको, पट्ट्या वर करून भिंतीकडे वळवा.

पाण्याचं मात्र नीट समजून घ्या. वाळते ते शुद्ध पाणी, क्षार टाकीतच राहतो. तुम्ही रोज वरून भरता, क्षार रोज वाढतो, आठ दिवसांनी टाकीत पाणी नाही तर खारा काढा असतो आणि तोच ताटीवर पांढरा होऊन बसतो. बोअरचं पाणी असेल तर दोन-तीन दिवसांनी टाकीतलं अर्धं पाणी काढून टाका. टँकरवर चालणाऱ्या गावात पाणी फेकायला जीव होत नाही, मला कळते, ते पाणी अंगणात शिंपडा किंवा निंबाच्या झाडाला घाला, कुंड्यांना आणि भाजीच्या वाफ्याला नको. साबणाचं पाणी टाकीत टाकू नका, फेस होतो आणि घाण वास सुटतो.

डासांचं दुसरं. डेंग्यूचा डास स्वच्छ, थांबलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आरोग्य विभाग सांगतो. पण नुसतं पाणी काढून होत नाही, अंडी टाकीच्या भिंतीला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात, पुन्हा पाणी भरलं की फुटतात. टाकी रिकामी करून ती रेषा ब्रशने घासा, पुसा, दोन तास उन्हात वाळू द्या, मग भरा. लग्नाला आठ दिवस बाहेरगावी जात असाल तर टाकी रिकामी करूनच निघा.

मृग लागला की

नवतपा संपतो, मृगाचे ढग यायला लागतात, आणि ७ जूननंतर एखाद्या दिवशी कूलरची हवा एकदम चिकट लागते. त्या दिवसापासून पंप बंद, नुसता पंखा चालवा, काही दिवस तो उपयोगी पडतो. पाऊस स्थिर झाला की कूलर लगेच उतरवा, ओल्या ताट्यांसकट खिडकीत दिवाळीपर्यंत राहिलेला कूलर दोन वर्षांत गंजून जातो.

उतरवताना टाकी रिकामी करून घासा, उघडीप पाहून दोन दिवस वाळवा. जुनं गवत काढून टाका, जाळ्या धुऊन ठेवा. टाकीच्या आतून तेलाचा पुसट हात फिरवा. पंप काढून कोरडा करा, आतला पंखा एकदा फिरवून पाहा, आणि कूलरच्या आत न ठेवता घरात खिळ्याला टांगा. मोटरच्या बुशला एक-दोन थेंब तेल. डबा प्लास्टिकने घट्ट बांधू नका, आत ओल धरते, जुनी चादर किंवा पोतं टाका आणि खाली विटा द्या. वायर गुंडाळून वर बांधा, आणि वायर आत जाते त्या भोकात कापडाचा बोळा घट्ट बसवा, उंदीर तिथूनच आत शिरतो.